जुना गालिचा हाताचा की मशीनचा, कसं ओळखायचं?

घरात जुना लोकरी गालिचा सापडलाय, लाल रंगात मधेच एक फिकट पट्टा आहे. खराब झालाय का तो? आणि हातानं विणलाय हे कळणार कसं?

उत्तर १:
आधी उलटा करून बघा. हाताच्या गालिच्यात मागूनही नक्षी स्पष्ट दिसते, गाठी थोड्या कमीजास्त असतात आणि झालर म्हणजे त्याचेच उभे धागे असतात, मशीनच्यात ती बहुतेक वेळा नंतर शिवलेली.

उत्तर २:
पट्ट्याला अबराश म्हणतात, लोकर वेगवेगळ्या वेळी रंगवली की छटा बदलते. दोष नाहीये हो, मला तर तेच सगळ्यात सुंदर वाटतं! लोकर किती टिकते बघा, अल्ताई पर्वतात १९४९ मध्ये बर्फानं भरलेल्या थडग्यात पाझिरिक गालिचा मिळाला, साधारण २,४०० वर्षांपूर्वीचा, आणि त्यावरची हरणं, घोडेस्वार अजून ओळखू येतात.

प्रश्नकर्ता:
मस्त माहिती! टॅपेस्ट्रीत पण गाठीच असतात का?

उत्तर २:
नाही, तिथं रंगीत आडव्या धाग्यांनी चित्र कापडातच विणतात. फ्रान्समधल्या बायो गावची प्रसिद्ध टॅपेस्ट्री तर नावालाच टॅपेस्ट्री, मुळात ते लिननच्या कापडावरचं लोकरीचं भरतकाम आहे.