आधी एकच साइट उभी राहू द्या

वेबसाइट काढून जाहिरातींतून कमवू पाहणाऱ्याला पाककृती, शेती आणि सरकारी भरती अशा तीन साइट एकदम काढायचा सल्ला दिला जातो. मला तो पटत नाही. अ‍ॅडसेन्सच्या (साइटवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा) एकाच खात्यात अनेक साइट जोडता येतात, पण मंजुरी प्रत्येक साइटला वेगळी लागते. डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नूतनीकरणही दरवर्षी, प्रत्येकाचं निराळं. अ‍ॅडसेन्सच्या खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हाती येत नाहीत, आणि भरतीच्या बातम्या तर रोज ताज्या लागतात. एकट्याने ते झेपणं फार कठीण. शेतीची माहिती असेल तर तीच धरा. कांदा, डाळिंब, ठिबक सगळं एकाच डोमेनवर, वेगवेगळ्या विभागांत मांडा. वाचक अगदीच वेगळा असेल तेव्हाच दुसरी साइट, तीही पहिलीचा खर्च पहिलीतूनच निघू लागल्यावर.