२०२४ च्या सिनेमांमधलं तुमचं ऑस्कर कुणाला?

तर मंडळी, ऑस्कर होऊन गेलं, 'अनोरा'ला पाच मिळाली, त्यातली चार एकट्या दिग्दर्शक शॉन बेकरने नेली, एकाच रात्रीत एकाच सिनेमासाठी चार म्हणजे विक्रमच आहे. पण ते झालं त्यांचं. इथे आपापलं ऑस्कर वाटा, नामांकन नसलेलं पण चालेल. फक्त नुसती नावं टाकून पळू नका, त्या सिनेमातलं नक्की काय डोक्यात राहिलं तेही लिहा.

मी सुरू करते. माझी अभिनेत्री फर्नांडा टोरेस, 'आय एम स्टिल हिअर'. ब्राझीलच्या लष्करी राजवटीतले लोक नवऱ्याला घरातून घेऊन जातात, तो परत येतच नाही, आणि नंतर मासिकवाले फोटो काढायला येतात, त्यांना चेहरे जरा गंभीर हवे असतात, तर ही बाई मुलांना म्हणते, हसा. मी तिथे पॉज करून उठून गेले आणि मग परत आले. तिची म्हातारपणीची भूमिका तिच्या खऱ्या आईने केलीय, फर्नांडा मॉन्टेनेग्रो. त्या आईला १९९९ मध्ये नामांकन होतं, याच दिग्दर्शकाच्या, वॉल्टर सालेसच्या सिनेमासाठी, तेव्हाही मिळालं नव्हतं. ब्राझीलला पहिलं ऑस्कर मिळालं हे छानच, पण मायलेकी दोघी हुकल्या राव.

~

माझी सहाय्यक अभिनेत्री छाया कदम आणि यावर वाद घालायचा असेल तर चहा घेऊन बसा. 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'मधली पार्वती, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, राहत्या जागेचे कागद नाहीत म्हणून मुंबई सोडून रत्नागिरीकडे गावी निघालेली. ती आणि तिथली नर्स प्रभा बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात तेव्हा थिएटरात माझ्या मागची बाई जोरात 'मार अजून' म्हणाली. त्याच वर्षी 'लापता लेडीज'मध्ये मंजू माई पण हीच!

आणि तो राइस कुकर. जर्मनीहून येतो, पाठवणाऱ्याचं नावपत्ता नाही, आणि प्रभा झालेली कानी कुसृती रात्री जमिनीवर बसून त्याला मिठी मारते. एवढंच. कान महोत्सवात ग्रां प्री मिळालेला सिनेमा, आणि आपण परभाषिक विभागात पाठवला 'लापता लेडीज'. तो मलाही आवडतो हो, पण एका देशाला एकच सिनेमा पाठवता येतो म्हटल्यावर निवडताना जीभ जरा तरी अडखळायला हवी होती. बाकीच्या विभागांना देशाची शिफारस लागत नाही, अमेरिकेत रिलीज झाला होता, तरी अकादमीनेही एक नामांकन दिलं नाही ते नाहीच.

~

किरन कल्किनला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर कसं काय देतात?? 'अ रियल पेन' अर्धा त्याचाच आहे. सहाय्यक अभिनेत्री ठरलेल्या झोई साल्डान्याचं तेच, 'एमिलिया पेरेझ' ती ओढते अख्खा. मुख्य विभागात गर्दी म्हणून बाजूच्या दाराने आत. काम दोघांचंही झकास, पण माझ्या यादीत दोघंही मुख्य विभागात, आणि मग तिथे दोघंही हरतात. खऱ्या सहाय्यकांना जागा सोडा की.

~

आमच्याकडे पोरामुळे 'फ्लो', पुरात सापडलेल्या मांजराचा अॅनिमेशनपट. एक शब्द संवाद नाही त्यामुळे मला वाटलं दहा मिनिटांत रिमोट मागेल, तर हा पाणी चढताना मांजराच्या जागी स्वतःच श्वास रोखून बसलेला. लॅटव्हियाचा सिनेमा, ब्लेंडर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर केलेला, आणि समोर 'इनसाइड आउट २' आणि 'द वाइल्ड रोबोट'. बाकीच्या प्राण्यांना खऱ्या प्राण्यांचे आवाज आहेत, पण कॅपिबाराला उंटाच्या पिल्लाचा, हे कळल्यापासून आमच्या घरात उंट हा प्राणी एकदम फेमस झालाय. माझ्याकडून सर्वोत्कृष्ट चित्रपटसुद्धा हाच.

~

आम्ही मित्रमंडळींनी अकादमीसारखं मतदान केलं. म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनातले दहाच्या दहा सिनेमे क्रमाने लावायचे, सगळ्यात कमी पहिली पसंती असलेला बाद, त्याची मतं ज्याच्या त्याच्या पुढच्या पसंतीला, असं कुणी निम्म्याच्या वर जाईपर्यंत. 'द सबस्टन्स'वाले एकदम कट्टर होते, पण बाकीच्यांनी तो थेट दहावा टाकलेला, एकीने तर शेवटचा भाग उशीआडून बघितला. 'ब्रुटलिस्ट'वाले आणि 'अनोरा'वाले भांडत राहिले आणि जिंकलं कोण, 'कॉन्क्लेव्ह'! फारसा कुणाचाच पहिला नाही, सगळ्यांचा दुसरा नाहीतर तिसरा. पोपच्या निवडणुकीवरचा सिनेमा असा निवडून यावा, यापेक्षा योग्य काय. ज्याने हा प्रकार सुचवला तोच आता म्हणतो पुढच्या वर्षी हात वर करून घेऊ.

~

मी त्या भांडणाऱ्या 'ब्रुटलिस्ट'वाल्यांपैकी 😀 साडेतीन तासांच्या वर, मध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर, तेही सिनेमातच, पडद्यावर जुना लग्नाचा फोटो आणि घड्याळ उलटं चालू. परदेशात त्याचं केवढं कौतुक, आपण जन्मभर मध्यंतर घेतोय! अभिनेता एड्रियन ब्रोडीच, भाषण मात्र सिनेमाच्या लांबीला शोभेल असं केलं त्याने.

~

संगीत: 'चॅलेंजर्स'. गोल्डन ग्लोब मिळालं आणि ऑस्करला सिनेमालाच एकही नामांकन नाही. टेनिसच्या मॅचला टेक्नो लावलंय, मी अजून जिने चढताना तेच ऐकतो. 'ड्यून २' म्हणणाऱ्यांसाठी, हान्स झिमरचं संगीत पात्रच नव्हतं, सिक्वेलमध्ये पहिल्या भागातलं फार वापरलं तर अकादमी घेत नाही. सिनेमाला ध्वनीचं मिळालं की, त्यावर भागवा.