शनिवारी ३ ची मॅच, लिंकवर बघायची का?

कोल्हापूरकर_मँचेस्टर: इकडे इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल बंद, आणि तीच मॅच भाऊ कोल्हापुरात रीतसर पैसे भरून बघतोय राव, मग मी फुकट चोरीच्या स्ट्रीमची लिंक शोधली तर पाप काय?

पेठेतला_गोली: नियम १९६०च्या दशकातला आहे भावा, छोट्या क्लबांची तिकिटं खपावीत म्हणून. आपण शाहू स्टेडियमला जायचो तसं जा की जवळच्या ग्राउंडवर.

ऑफसाइड_आज्या: २०२३ मध्ये तिकडं असले स्ट्रीम विकणाऱ्या ५ जणांना जेल झाली. बघणारा आणि विकणारा एक नाही हे मान्य, पण फुकट लिंकवाला जुगाराच्या जाहिरातींवरच कमावतो ना.

कोल्हापूरकर_मँचेस्टर: खरंय, परवा पेनल्टीला नेमकी तीच आडवी आली, बंद करेपर्यंत गोल होऊन गेला.