खालच्या आर्च वायरचा आकार पेशंटचा वंश पाहून ठरवावा का?

प्रश्न (ऑर्थो पीजी, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी): ब्रेसेसमध्ये बसणारी तयार आर्च वायर निमुळती, अंडाकृती आणि चौकोनी अशा तीन आकारांत मिळते. युरोपीय वंशात निमुळता आकार जास्त, जपानी लोकांत चौकोनी, असं वाचलंय. मग आपल्या पेशंटला सरसकट अंडाकृती वापरली तर चालेल का?

उत्तर १: सरसकट नको. 2001 मध्ये नोजिमा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी गोरे आणि जपानी यांच्या खालच्या दातांच्या कमानी मोजल्या. प्रमाणात फरक होताच, पण दोन्हीकडे तिन्ही आकार होते. आणि एकाच आकाराच्या कमानी शेजारी ठेवल्या की वंशाचा फरक जवळजवळ उरत नाही. सरासरी गटाची असते, वायर एका माणसाच्या तोंडात जाते.

उपचाराआधीचं खालचं प्लास्टर मॉडेल घ्या. दोन सुळ्यांच्या टोकांमधलं अंतर व्हर्नियर मोजपट्टीने मोजून लिहून ठेवा, मग तिन्ही आकारांचे पारदर्शक टेम्प्लेट (साचे) दातांवर धरा. सुळे आणि उपदाढांपाशी जो आकार बसेल तो घ्या. पटाशीचे दात गर्दीत वाकडे असतात, त्यांच्यावर विसंबू नका.

खरी गडबड जाड चौकोनी छेदाच्या स्टील वायरवर होते. ती रुंद असेल तर सुळे बाहेर ढकलले जातात, आणि ते रुंदावणं टिकत नाही. रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरणारं साधन) सुटला की खाली पुन्हा गर्दी. स्टील हाताने वळवून मूळ अंतराला जुळवता येते, निकेल-टायटॅनियम तशी वळत नाही.

उत्तर २: दातांच्या मापावरून कमानीची रुंदी सांगणाऱ्या पाँट निर्देशांकाचंही तेच. वरच्या चार पटाशीच्या दातांची बेरीज 32 मिमी असेल तर तो उपदाढांपाशी 40 आणि दाढांपाशी 50 मिमी रुंदी सांगतो. 1909 चं हे गणित फ्रेंच लोकांवर बेतलेलं. त्यावरून एक्स्पान्शन (कमान रुंदावणं) ठरवू नये.

शिवाय सगळं वंशावरच ढकलू नका. कोरुचिनी आणि कौल या संशोधकांनी चंडीगड परिसरात पाहिलं तेव्हा शहरी तरुणांत दातांची ठेवण खेड्यातल्यांपेक्षा जास्त बिघडलेली होती. लोक तेच, चावण्याचं काम वेगळं.

ऑर्थो पीजी: सुळ्याचं टोक झिजलं असेल तर?

उत्तर १: झिजलेल्या चपट्या भागाचा मध्य धरा. सुळा ओळीबाहेर असेल तर मात्र सुळ्यांमधलं अंतर फसवं निघतं. तिथे हिरडीखालच्या हाडाचा उंचवटा बघून आकार ठरवा.

उत्तर ३: कवटीवरून वंश सांगतानाही टाळूचा आकार दुय्यम पुरावाच. दात जिवंतपणी पडले असतील तर हाड झिजून कमान बदलते, त्यामुळे आधी दातांच्या खोबणी हाडाने भरून आल्यात का ते तपासा.