मदत हवी आहे : पूरबचावाच्या पुस्तिकेत इंग्रजी ‘नॉट’साठी कोणता मराठी शब्द वापरावा?

नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील आमच्या कृष्णाकाठच्या गावातील तरुणांसाठी, पुराच्या पाण्यात बोट आणि दोर कसे हाताळावेत, याविषयीच्या एका इंग्रजी पुस्तिकेचे मी मराठी रूपांतर करीत आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना तिची गरज समजावून सांगावी लागणार नाही. पावसाळ्यापूर्वी ती मुलांच्या हाती पडावी, अशी मनापासून इच्छा आहे. परंतु ‘नॉट’ या एका शब्दापाशी काम अडले आहे. हा शब्द तेथे तीन वेगळ्या अर्थांनी येतो. सगळीकडे ‘गाठ’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याचा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

पहिला अर्थ वेगाचा आहे. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. सागरी मैल १९२९ मध्ये मोनॅको येथील परिषदेत १८५२ मीटरचा ठरला, त्यामुळे एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. शिडाच्या जहाजांच्या काळात टोकाला लाकडी फळी बांधलेली दोरी जहाजामागे पाण्यात सोडत आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत तिच्यावरच्या किती गाठी हातातून सरकल्या, ते मोजत. दोन गाठींमध्ये ४७ फूट ३ इंच अंतर आणि घड्याळ २८ सेकंदांचे, हे प्रमाण आजच्या नॉटशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणजे हे एकक दोरीवरच्या खऱ्याखुऱ्या गाठींतूनच आले आहे. ‘तासाला’ हा भाग त्यात आधीच सामावलेला असल्याने ‘ताशी पाच नॉट’ असे लिहिणे चुकीचे ठरते.

आमच्याकडे पुराची भाषा फुटांची आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे लहान मुलालाही पाठ असते. प्रवाहाचा वेग मात्र कोणी आकड्यांत बोलत नाही. पुस्तिकेत तर त्यावरच भर आहे. पाण्याच्या तुलनेत सहा नॉट वेगाने जाणारी बोट चार नॉटच्या प्रवाहाविरुद्ध निघाली, तर काठाच्या हिशेबाने ती दोनच नॉट, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटरच्या आसपास पुढे सरकते. हा पायी चालणाऱ्या माणसाचा वेग झाला. पलीकडच्या वस्तीवर पोहोचायला किती वेळ लागेल आणि तेवढे इंधन टाकीत आहे का, हे यावरच ठरते. म्हणून येथे ‘नॉट’ तसाच ठेवावा की सरळ किलोमीटर द्यावेत?

दुसरा अर्थ दोराच्या गाठीचा आहे आणि खरी अडचण येथेच आहे. इंग्रजी खलाशी दोर खांबाला अडकवण्याच्या गाठीला ‘हिच’ म्हणतात, दोन दोर जोडणाऱ्या गाठीला ‘बेंड’ म्हणतात आणि ‘नॉट’ हा शब्द उरलेल्या प्रकारांसाठी किंवा सगळ्यांसाठी मिळून वापरतात. आपल्याकडील सुरगाठ आणि निरगाठ हे सुंदर शब्द गाठ सहज सुटते की नाही, एवढेच सांगतात. ती कशासाठी मारली, हे सांगत नाहीत. हा भेद पुसून चालणार नाही. शाळेत स्काउटमध्ये शिकवलेली रीफ नॉट अनेकांना येते, पण कमी-अधिक जाडीचे दोन दोर तिने जोडले आणि ताण आला, की ती सरकू शकते. तेथे शीट बेंडच हवी.

तिसरा अर्थ गुंत्याचा. फेकायच्या दोराच्या मोकळ्या टोकाला नॉट असू नये, असे एक वाक्य आहे, कारण ती दगडात किंवा झाडाच्या मुळात अडकते. चार पानांनंतर दोर पिशवीत भरताना त्यात नॉट होऊ देऊ नका, असे वाक्य येते. मला पहिल्या ठिकाणी ‘गाठ’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘गुंता’ योग्य वाटतो. जाणकारांचे मत कळावे.

प्रतिसाद

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. वेगासाठी किलोमीटरच द्यावेत. हवामान विभाग चक्रीवादळाच्या वाऱ्याचा वेग सांगताना नॉट वापरतो, हे खरे. परंतु नदीकाठच्या मुलांवर आयत्या वेळी गुणाकार करण्याची वेळ आणू नये. नॉटचा उल्लेख प्रस्तावनेत एकदा पुरे. ‘गाठ’ आणि ‘गुंता’ हा आपला भेद बरोबर आहे.

‘शीट बेंड’साठी शब्द घडवण्याची गरज नाही. विट्याला मागावर तुटलेला धागा जोडताना विणकर जी गाठ मारतात, तिची रचना हीच असते. एका धाग्याचा दुमड, त्यातून वर येऊन त्याच्या मागून वळणारा दुसरा धागा आणि शेवटी स्वतःखालीच दाबलेले त्याचे टोक. इंग्रजीतही तिला विणकरांच्या नावाने ओळखतात. तेव्हा ‘विणकरगाठ’ लिहावे. खांबाला दोन वेढे देऊन मारायच्या ‘क्लोव्ह हिच’ला ‘खुंटगाठ’ म्हणता येईल. मात्र इंग्रजी नावेही देवनागरीत शेजारी ठेवावीत. बचाव पथकाचे प्रशिक्षक तीच नावे उच्चारतात आणि मुलांना ती ऐकताक्षणी ओळखता आली पाहिजेत.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ‘विणकरगाठ’ आणि ‘खुंटगाठ’ दोन्ही घेतो, किलोमीटरही मान्य. आता एकच शब्द उरला आहे : ‘बोलाइन’. दोराच्या टोकाला पक्का फेरा तयार करणारी ही गाठ, पण ताण आला तरी तो फेरा आवळत नाही. तिला ‘फास’ म्हणणे मला धोक्याचे वाटते, कारण फास म्हटले की आवळणे आलेच आणि येथे तर नेमके उलट सांगायचे आहे. जनावराच्या गळ्यातले दावे आवळू नये, यासाठी आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या काही ना काही गाठ मारत आले आहेत. वाळवा, पलूस, शिराळा किंवा कऱ्हाड भागात अशा गाठीला एखादे नाव प्रचलित असेल, तर ते आणि शक्य असल्यास गाठीचे छायाचित्र कृपया येथे द्यावे.