पवित्र भूमीतला तुमचा एकच दिवस सांगा

सर्वांना जय ख्रिस्त. सोलापुरातून पवित्र भूमीला, म्हणजे येशूच्या देशाला, जाऊन आलेल्यांचे फोटो मंडळीत फिरतात. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखी टोपी आणि मागे एखादा जुना दगड. त्या दिवशी खरं काय झालं, ते फोटोतून कळत नाही. म्हणून विनंती, दहा दिवसांचा कार्यक्रम नको, एकच दिवस लिहा. फसला असेल तरी चालेल. सुरुवात मी करते.

आमचा दिवस बेथलेहेमचा, 2019 मधला. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. ख्रिस्तजन्माच्या मंदिराचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच. पूर्वी घोडे-गाड्या आत घालू नयेत म्हणून ते चिणून लहान केलं, असं गाइड सांगत होता. आई म्हणाली, "आपल्या वाड्याची दिंडी अशीच होती की," आणि सवयीने वाकून आत शिरली. तासाभराच्या रांगेनंतर खालच्या गुहेत पोचलो. जमिनीवर चौदा टोकांचा चांदीचा तारा आहे. गुडघे टेकायचे, हात लावायचा, उठायचं. आई टेकली, पण उठता येईना. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी एका अनोळखी आफ्रिकन बाईने तिला बगलेत धरून उचललं. बाहेर आल्यावर विचारलं, एवढ्या लांब येऊन काय मागितलंस? "उठायला येऊ दे, एवढंच. दुसरं काही सुचलं तर ना!"

होटगी रोडवरून

मी बांधकामातला माणूस, त्यामुळे मला देवळापेक्षा भिंत आधी दिसते. गालील समुद्राकाठी कफर्णहूमला सकाळी आठला पोचलो. (समुद्र म्हणायचा, पण आहे गोड्या पाण्याचं सरोवर.) बसमधून उतरलो आणि चकित झालो. सगळं गाव काळ्या पाषाणाचं! आपल्याकडे विहीर खणताना लागतो तसलाच बेसाल्ट. लोक त्या पांढऱ्या सभास्थानाचे फोटो काढत होते. चुनखडीचं ते सभास्थान चौथ्या-पाचव्या शतकातलं, पण त्याच्या पायाशी बघा, तिथेही काळाच दगड.

येशूचा शिष्य पेत्र याचं म्हणून दाखवतात त्या घरावर 1990 मध्ये नवं चर्च उभारलंय, खांबांवर उचललेलं. आतल्या काचेतून खालचं घर दिसतं. भिंती ओबडधोबड, चुना नाही, दगडावर दगड. असल्या भिंतीवर जड छत टिकणारच नाही. गाइडने सांगितलं, वर लाकडं, त्यावर काटक्या-गवत आणि माती. म्हणजे माळवद! मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावी आजोबांचं घर असंच होतं.

आता मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवा. पक्षघाती माणसाला चौघे खाटेवर घेऊन येतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, मग छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. लहानपणी शब्बाथ शाळेत मला वाटायचं, पत्रे कसे उचकटले असतील? कौलं काढली असतील का? सगळे अंगावर ओरडले कसे नाहीत? माळवद असेल तर गोष्ट सोपी आहे. बाहेरून जिना, वर चढायचं, कुदळीने माती ओढायची, काटक्या बाजूला करायच्या. खालच्यांच्या डोक्यात, डोळ्यांत मातीच माती. प्रभू बोलत असताना केसांतून धूळ झटकत असेल, हे चित्र मला चाळीस वर्षांत कुठल्या उपदेशात दिसलं नव्हतं. बाकीचा दिवस कुठे कुठे हिंडलो, ते मला नीट आठवतही नाही. एकच प्रश्न राहिला. पावसाळ्याच्या तोंडावर ते माळवद परत कुणी घातलं?

रेल्वे लाइन्समधून

यार्देन, येशूच्या बाप्तिस्म्याची नदी. मनात गंगेएवढी नदी होती, निघाली आपल्या सीनेसारखी. पाणी गढूळ, पात्र अरुंद. मधे दोरी, पलीकडच्या काठावर जॉर्डन देश, तिथेही पांढरे झगे घातलेले भाविक. आम्ही इकडून गीत म्हटलं, ते तिकडून हात हलवत होते. डबा उघडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. बस्स.

जुळे सोलापूरहून

माझा दिवस फसला, तेही लिहिते. यरुशलेमात पवित्र कबरेचं, म्हणजे येशूच्या कबरेवरचं, मंदिर. मूळचं 335 मध्ये अर्पण केलेलं, पुढे कितीदा पडलं आणि बांधलं. मी दोन तास रांगेत उभी होते आणि कबरेच्या खोलीत मिळालं अर्धं मिनिटही नाही. "चला, चला!" पंढरपुरात पदस्पर्शाला ढकलतात ना, तसंच. डोळे मिटले तोवर बाहेर. येशूची म्हणून दाखवतात अशी दुसरी जागा म्हणजे बागेतली कबर; तिथे शांत बसता येतं म्हणतात, ती आमच्या टूरवाल्याने वेळ नाही म्हणून गाळली. पैसे मात्र तिचेही घेतले होते.

नंतर चिडून अंगणात बसले. दाराच्या वरच्या खिडकीला लाकडी शिडी टेकलेली दिसली. ती तिथे अठराव्या शतकापासून आहे म्हणे. ग्रीक, आर्मेनियन, कॅथलिक, कॉप्टिक, सिरियन, इथिओपियन असे सहा पंथ या एका मंदिरात वाटेकरी. सगळ्यांची संमती असल्याशिवाय शिडीसुद्धा हलवायची नाही. दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमान घराण्याकडे. भाऊबंदकी काय आपल्याकडेच असते! मला हसू आलं, आणि तेवढ्या हसण्याने मघाचा राग गेला.

विजापूर रोडवरून

आमचं बुकिंग नोव्हेंबर 2023 चं. ऑक्टोबरात युद्ध पेटलं, सहल रद्द झाली, पैसे निम्मेच परत आले. 2024 च्या डिसेंबरात शेजारच्या कॅथलिक कुटुंबाबरोबर जुन्या गोव्याला गेलो. संत फ्रान्सिस झेवियरचं शव दहा वर्षांनी दर्शनाला ठेवलं होतं. आम्हा प्रोटेस्टंटांत संतांच्या अवशेषांचं दर्शन घेत नाहीत, म्हणून मी चपला सांभाळत बाहेर बसलो. बॉम जेझू चर्चची जांभ्याची भिंत बघत तीन तास गेले. आत जायला हवं होतं, असं आता वाटतं.

अशोक चौकातून

होटगी रोडवाल्या काकांना उत्तर देते. माळवद आमच्याही आजोळी होतं. एवढ्या भोकाला चार पाट्या पांढरी माती पुरते, पण ती आधी भिजवून मळावी लागते, मग बडवायची. दिवस मोडतो. चौघे होते ना? पाचवा तर बरा होऊन चालत घरी गेला होता. लागला असेल हाताला.