ग्लस्टर क्लस्टरमधून काढलेला सर्व्हर परत कसा जोडावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे तीन सर्व्हरवर ग्लस्टरएफएस (अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणारी फाइल साठवण प्रणाली) चालते आणि प्रत्येक फाइलची प्रत तिन्हींवर असते. तिसऱ्या सर्व्हरचा रेड कंट्रोलर (डिस्क सांभाळणारे कार्ड) निकामी झाल्यावर त्याची ब्रिक (डेटा ठेवण्याचे फोल्डर) व्हॉल्यूममधून (ब्रिक मिळून बनलेल्या सामायिक साठ्यातून) काढून आम्ही प्रतींची संख्या 2 वर आणली आणि तो सर्व्हर बंदच असल्यामुळे ‘पीअर डिटॅच’ही (क्लस्टरमधून सर्व्हर काढण्याची आज्ञा) फोर्स देऊन केले. आता तो दुरुस्त झाला असून डिस्कवरील जुना डेटा शाबूत आहे. मात्र पहिल्या सर्व्हरवरून ‘पीअर प्रोब’ (सर्व्हर जोडण्याची आज्ञा) केल्यास, हा सर्व्हर आधीच दुसऱ्या क्लस्टरमध्ये आहे किंवा त्यावर व्हॉल्यूम आहेत, अशी एरर येते. जुना डेटा तसाच ठेवून फक्त मधल्या काळातले बदल घेता येतील का? चार टेराबाइट पुन्हा कॉपी करणे टाळायचे आहे.

उत्तर 1

डिटॅच करताना तो सर्व्हर बंद होता, त्यामुळे आपल्याला काढले आहे हे त्याला कळलेलेच नाही. त्याच्या ग्लस्टरडी (ग्लस्टरची व्यवस्थापन सेवा) फोल्डरमध्ये जुने पीअर (जोडलेले सर्व्हर) आणि जुन्या व्हॉल्यूमची माहिती तशीच आहे. त्या सर्व्हरवर ग्लस्टरडी सेवा थांबवा, ‘वार’मधील ‘लिब’खालच्या ग्लस्टरडी फोल्डरचा बॅकअप घ्या आणि ग्लस्टरडी डॉट इन्फो ही फाइल सोडून त्यातील बाकी सर्व काढून टाका, त्या फाइलमध्ये सर्व्हरचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) असतो. सेवा पुन्हा सुरू केल्यावर प्रोब चालू क्लस्टरमधल्या सर्व्हरवरूनच करावे, परत येणाऱ्या सर्व्हरवरून नव्हे. ‘पीअर स्टेटस’ सर्व बाजूंनी तपासल्याशिवाय ब्रिकला हात लावू नये.

उत्तर 2

जुन्या डेटाविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो वापरू नका. ब्रिक काढल्यानंतर तिच्यासाठी काय बाकी राहिले याची नोंद उरलेले सर्व्हर ठेवत नाहीत. त्यामुळे मधल्या काळात वापरकर्त्यांनी हटवलेल्या फाइली जुन्या ब्रिकवरून पुन्हा सर्वत्र उगवू शकतात, आणि बदललेल्या फाइलींच्या बाबतीत कोणती प्रत खरी हा पेच पडतो. तशीही जुन्या फोल्डरवर व्हॉल्यूम आयडीचे एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट (फोल्डरला जोडलेली जादा नोंद) आणि आत लपलेले डॉट ग्लस्टरएफएस फोल्डर असल्याने ‘ॲड-ब्रिक’ (ब्रिक जोडण्याची आज्ञा) ती जागा आधीच एका व्हॉल्यूमचा भाग असल्याचे सांगून नकार देईल. अनेक जण ते ॲट्रिब्यूट पुसून पुढे जातात. परंतु आत जुना डेटा ठेवून तसे करणे म्हणजे तो नकार ज्या धोक्यापासून वाचवत होता तोच ओढवून घेणे होय. उरलेल्या दोन प्रती धड आहेत आणि बॅकअप आहे याची खात्री करून ती डिस्क नव्याने फॉरमॅट करावी, आणि ब्रिक थेट माउंट पॉइंटवर न ठेवता त्याच्या आतल्या फोल्डरमध्ये ठेवावी, म्हणजे एखाद्या दिवशी डिस्क माउंट झालीच नाही तर डेटा नकळत रूट पार्टिशनवर लिहिला जाणार नाही.

प्रश्नकर्ता

प्रोब झाले, पीअर तिन्हीकडून जोडलेले दिसत आहेत. जुना डेटा वापरण्याचा विचार सोडला आहे. नवी ब्रिक जोडल्यावर दिवसा वापरकर्त्यांना त्रास होईल का?

उत्तर 2

प्रतींची संख्या 3 देऊन ‘ॲड-ब्रिक’ केल्यावर सेल्फ-हील डेमन (प्रती जुळवणारी पार्श्वभूमीतील सेवा) नव्या ब्रिकवर डेटा उतरवू लागतो. लहान फाइली लाखोंनी असतील तर डेटाच्या आकारापेक्षा फाइलींची संख्याच अधिक वेळ घेते. डेमनचे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) मुळात 1 असतात. ते रात्री वाढवून सकाळी पुन्हा कमी करता येतात, त्यामुळे ब्रिक शक्यतो कमी वर्दळीच्या वेळी जोडावी. ‘हील इन्फो’मध्ये (जुळवणे बाकी असलेल्या फाइलींच्या यादीत) प्रत्येक ब्रिकपुढचा आकडा शून्य होईपर्यंत जुन्या दोनपैकी कोणताही सर्व्हर अपडेटसाठीसुद्धा रीबूट करू नका, कारण तोवर संपूर्ण डेटा त्या दोघांवरच आहे.